मुंबईतल्या गेस्टहाऊसचा मालकच खुनी दाखवला, तर वाचकाला पटेल का?

आपण लिहिले आहे की, २६ जुलै २००५ च्या पावसात कुलाब्यातल्या एका गेस्टहाऊसमध्ये सहा पाहुणे अडकतात, त्यांतल्या एकाचा खून होतो आणि शेवटी मालकच खुनी निघतो, अशी कादंबरी लिहीत आहात. आणि विचारले आहे की, गेस्टहाऊस चालवणाऱ्यांना हे पटेल का, मालकाजवळ सगळ्या खोल्या उघडणारी एकच किल्ली असते का आणि रात्री मुख्य दार किती वाजता बंद होते. परळला, टाटा रुग्णालयापासून चालत येण्याच्या अंतरावर मामंजींनी सुरू केलेले गेस्टहाऊस त्यांच्या पश्चात मी चालवते. मला हे पटणार नाही, आणि का पटणार नाही हे जरा सविस्तर सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतो.

आधी पावसाचे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, पण कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच दिवशीची नोंद १०० मिलीमीटरचीसुद्धा नाही. तेव्हा कुलाब्यात पुराने वेढलेले गेस्टहाऊस दाखवलेत, तर त्या दिवशी मुंबईत असलेला कोणीही वाचक पुस्तक तिथेच मिटेल. शिवाय पाऊस मुंबईत माणसांना एकटे पाडत नाही, उलट एकत्र कोंबतो. गाड्या बंद पडल्या की आमच्याकडे जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसे बसलेली असतात, कोणाची कोण हे विचारायची सोय नसते आणि चहाचे पातेले गॅसवरून उतरत नाही. सहाच माणसे आणि बाहेर सगळे सामसूम, हे चित्र महाबळेश्वरला शोभेल.

आता मालकाचे. गेस्टहाऊसमध्ये सर्वांत जास्त पहारा कोणावर असेल तर तो मालकावर. आमच्यासारखी बहुतेक ठिकाणे जुन्या पागडीच्या इमारतींत आहेत, मोठ्या दालनांना प्लायवूडचे पार्टिशन घालून खोल्या केलेल्या असतात आणि चार नंबरमधला खोकला सहा नंबरमध्ये ऐकू जातो. कामाचा मुलगा रात्री दाराशीच गादी टाकून झोपतो. चादरी सकाळी मोजून धोब्याकडे जातात, त्या त्याच्या वहीत आणि आमच्या वहीत अशा दोन ठिकाणी लिहिल्या जातात, आणि डाग पडलेली चादर तो वेगळी घडी करून, वर बोट ठेवून परत देतो. तुमच्या खुन्याने प्रेत चादरीत गुंडाळले, तर दहाच्या आत 'एक डबल कमी आहे' असा पुकारा होणारच. फरशी धुवायची म्हटली तरी पाणी पालिकेच्या ठरलेल्या वेळेत टाकीत येते तेवढेच. मध्यरात्री कोणी चार बादल्या जास्त ओतल्या, तर पहाटे रांगेत उभी असलेली माणसे ओरडत येतात. आणि प्रेत खाली न्यायचे ते कुठून? लाकडी जिन्यावरून, ज्याची प्रत्येक पायरी वेगळी वाजते आणि ज्याच्या प्रत्येक मजल्यावर आम्हाला हटवण्यासाठी टपलेला एक तरी भाडेकरू राहतो.

शिवाय खून करून मालकाला मिळणार काय? खोलीत साधा नैसर्गिक मृत्यू झाला तरी पोलीस येतात, पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जाते आणि खोली मोकळी होईपर्यंत भाडे बुडते ते वेगळेच. (अकस्मात मृत्यूची ही चौकशी २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची; १ जुलै २०२४ पासून ते काम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ कडे आले आहे. तुमच्या फौजदाराच्या तोंडी जुनेच कलम असू द्या.) मारायचेच असेल तर मालक दुसऱ्याच्या गेस्टहाऊसमध्ये जाऊन मारेल.

आमच्याकडे एकदा जे घडले, ते यासाठी सांगते. सांगलीकडचे एक साठीच्या पुढचे गृहस्थ एकटेच आले होते. पत्नीच्या गाठीचा तुकडा तिकडे तपासला होता, त्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक टाटात दाखवून दुसरे मत घ्यायचे होते. दोन रात्रींचे पैसे आगाऊ दिले, रजिस्टरमध्ये सुरेख अक्षरात नाव, गाव, तालुका आणि येण्याचे कारण लिहिले, सात नंबरची किल्ली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टॉवेल खिडकीत वाळत घालून, दाराला कुलूप लावून बाहेर पडले ते रात्री परतलेच नाहीत. मोबाइल बंद. रजिस्टरात घरचा दुसरा नंबर नव्हता. बोर्डावरच्या दुसऱ्या किल्लीने मी मुलासमोर सात नंबर उघडला, तर पलंगाखाली कुलूपबंद सूटकेस, खुंटीला शर्ट, बाकी काही नाही. मी पोलीस ठाण्यात जाऊन नोंद दिली. सामानाला हात लावू नका, गावाकडच्या ठाण्याला कळवतो, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते कोणत्याही कादंबरीत मला वाचायला मिळालेले नाही. एकीकडे खाली रोज सकाळी बिहार-बंगालहून आलेली कुटुंबे रिकामी खोली आहे का म्हणून विचारत उभी, त्यांच्यातले कित्येक जण रात्री फुटपाथवर झोपणार हे दिसत असलेले, आणि दुसरीकडे सात नंबर एका सूटकेससाठी अडून राहिलेला. अशातच मुंग्या आल्या. उंबऱ्याखालून एक काळी रेघ आत शिरली होती, ती पलंगाच्या पायाला वळसा घालून थेट सूटकेसच्या बिजागरीत जात होती. कामाच्या मुलाने ती पाहिली आणि तो बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मुंग्या कशाला लागतात हे त्याने गावाकडे पाहिले होते, त्यामुळे त्याचे मत ठाम झाले होते. वास काहीच येत नव्हता, तरी दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला वास येऊ लागला होता.

माझे धाकटे दीर तेव्हा घरीच होते. ते लिहितात; बँकेतली नोकरी सांभाळून दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहितात आणि त्या वाचल्याही जातात. ते म्हणाले, "वहिनी, उघडा ती बॅग. साधे कुलूप आहे, मी स्क्रू ड्रायव्हरने काढून देतो." मी म्हटले, "भाऊजी, पोलिसांशिवाय उघडणार नाही." ते रागावले आणि मीही रागावले. मी दाराबाहेर लक्ष्मणरेषेचा खडू तेवढा ओढला. मुंग्या आत काय करायचे ते करत राहिल्या.

उलगडा केला तो आमच्या हद्दीतल्या हवालदाराने. संध्याकाळी रजिस्टर तपासायला येऊन सही करणारा हा माणूस. एके रात्री तो आला आणि त्याने काही न बोलता टेबलावर एक किल्ली ठेवली, पितळी बिल्ल्यासकट. बिल्ल्यावर फक्त ७ कोरलेला. किल्लीवर गेस्टहाऊसचे नाव घालायचे नाही, हा मामंजींचा दंडक; हरवली तर चोराच्या हाती पत्ता लागू नये म्हणून. आमचे गृहस्थ हिंदमात्याजवळ चक्कर येऊन पडले होते, लोकांनी त्यांना पालिकेच्या रुग्णालयात पोहोचवले होते, गर्दीत पाकीट आणि मोबाइल गेला होता, आणि अनोळखी इसम म्हणून दाखल झालेल्या या माणसाच्या खिशात ओळख म्हणून उरली होती ती ही किल्ली. रुग्णालयातल्या चौकीत हवालदाराला तो कोपरा छाटलेला बिल्ला दिसला, आणि रोज सही करताना आमच्या बोर्डावर लटकणारे त्याचे भाऊबंद त्याला आठवले. पुढे मुलगा आला, गृहस्थ शुद्धीवर आले, आणि सूटकेस मुलाने हवालदारासमोर उघडली: टॉवेलात गुंडाळलेल्या स्लाइड, फाइल आणि रव्याच्या लाडवांचा डबा, ज्याचे झाकण नीट लागले नव्हते.

दिरांनी यावर कथा लिहिली. तीत लाडवांच्या जागी काय आले, हे आपल्याला सांगायला नको. गेस्टहाऊसची विधवा मालकीण रात्री दारांना कान लावते, तिच्या कमरेला सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली असते, आणि शेवटी तीच खुनी. वर 'सत्य घटनेवर आधारित'. कोल्हापूरचे एक कुटुंब दर तपासणीला आमच्याकडे उतरते, त्यांच्या सुनेने अंक वाचला आणि पुढच्या खेपेला हळूच विचारले, "ती खोली कोणती?" सात नंबर काही महिने ओळखीची माणसे नाकारत होती.

दिरांचे म्हणणे असे की वाचकाला धोब्याची वही नको असते. ते उदाहरण देतात लंडनच्या 'द माउसट्रॅप' नाटकाचे, जे १९५२ पासून २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे थांबेपर्यंत सलग चालले आणि जे सबंध गेस्टहाऊसमध्ये घडते. पण त्या नाटकातले नवराबायको या धंद्यात अगदी नवखे आहेत, पाहुण्यांची पहिलीच खेप आहे आणि बर्फाने रस्ते बंद आहेत, हे लेखिकेने सुरुवातीलाच सांगून टाकले आहे; मुरलेला मालक तिथे घेतलेलाच नाही. रोआल्ड डालची घरमालकिणीची गोष्टही ते पुढे करतात, जिच्यात नव्या पाहुण्याला रजिस्टरमध्ये आपल्याआधी दोनच नावे दिसतात आणि तीही वर्षांपूर्वीची. गोष्ट उत्तम आहे, आणि ती रजिस्टरवर उभी आहे, हा माझाच मुद्दा झाला. परळला तीन नावांचे रजिस्टर दाखवले असते, तर हवालदार खुर्ची ओढून बसला असता.

त्यांचा एक मुद्दा मात्र लोकांना बिनतोड वाटतो: बॅग तेव्हाच उघडली असती, तर फाइलवरून घरचा पत्ता लगेच मिळाला असता आणि त्या बाईंचा जीव टांगणीला लागला नसता. खरे आहे. पण त्याच बॅगेत पन्नास हजार होते आणि आता नाहीत, असे उद्या कोणी म्हटले असते, तर मी कोणाकडे पाहायचे? परक्याने आपल्या भरवशावर ठेवलेले कुलूप आपण तोडायचे नाही, यावर हा धंदा चालतो. तुम्हाला रहस्य हवे असेल तर ते इथे आहे: मालकाला पाहुण्याच्या शंभर बारीक गोष्टी माहीत असतात, तो किती वाजता दिवा मालवतो, किती बादल्या पाणी घेतो, फोनवर कोणाशी खोटे बोलतो, आणि तो माणूस कोण आहे हे मात्र त्याला माहीत नसते. अशा मालकाला खुनी करणे म्हणजे आपल्या कथेतला सर्वांत उपयोगी साक्षीदार वाया घालवणे.

हे सगळे माझ्या प्रकारच्या गेस्टहाऊसला लागू आहे, हे मान्य करायला हवे. कुलाब्यात पर्यटक उतरतात. परदेशी पाहुणा आला की २००५ मध्ये चोवीस तासांच्या आत त्याच्या माहितीचा सी फॉर्म भरून कळवावे लागायचे, तेव्हा तुमच्या सहांत कोणी परदेशी असेल तर त्याची माहिती पोलिसांकडे आधीच असेल. कॅमेरे २००५ मध्ये लहान ठिकाणी दाखवू नका. ती सक्ती नोव्हेंबर २००८ नंतर वाढली.

किल्लीचे राहिले. एकच किल्ली आमच्याकडे नाही, खोलीगणिक दुसरी किल्ली बोर्डावर असते. पण पाहुण्याने आतून कडी घातली असेल तर कोणतीही किल्ली चालत नाही, सुतार बोलवावा लागतो, आणि सुतार आला की सगळा मजला गोळा होतो. मुख्य दार बंद होते म्हणायचे एवढेच. पहाटेच्या गाडीने दादरला उतरलेली माणसे चारपासून घंटा वाजवतात. दिरांच्या कथेत ते रात्री दहाला बंद होते आणि सकाळपर्यंत उघडत नाही. ते या घरात लहानाचे मोठे झाले आहेत, तरीही.