वर्ल्डकपआधी पात्रता फेरी बघ

मुंबईच्या कूपरेज मैदानावर फुटबॉल मॅच बघायला यायला लागलास, फार छान वाटलं! पण वर्ल्डकप समजून घ्यायचा तर सुरुवात पात्रता फेरीपासून कर. फुटबॉलचे सहा खंडीय महासंघ, वर्ल्डकपमध्ये प्रत्येकाचा जागांचा कोटा वेगळा. २०२६ साठी ४८ संघ, आशियाला थेट ८ जागा.

आपण आशियाच्या पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत कतार, कुवेत, अफगाणिस्तानच्या गटात होतो. प्रत्येकाशी घरी एकदा, परक्या मैदानावर एकदा, आणि चारांतले पहिले दोनच पुढे. कुवेतला त्यांच्याच घरी १-० हरवलं, पण गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. सहाच सामने असताना असा पराभव भरून काढणं फार कठीण, अजून सल आहे. म्हणून पॉइंट्स टेबल नीट वाचत जा: विजयाला ३, बरोबरीला १. क्लबची लीग वेगळी, तिच्याशी गल्लत करू नकोस. आणि भारताचा सामना कितीही उशिरा असो, सोडू नकोस.