ऑफर दोन, सही कुठे?

या वेळच्या पत्रांत निम्मे प्रश्न एकाच वळणाचे आहेत: दोन मोठ्या लॉ फर्मची बोलावणी आली आहेत, कुठे जाऊ? त्यातले हे सहा.

प्रश्न: एक फर्म बड्या फर्मच्या क्रमवारी यादीत सातवी आहे, दुसरी एकविसावी. सातवीच घ्यावी ना?

उत्तर: ती यादी उलाढालीची आहे. तुम्हाला काम कोण शिकवणार, हे तिच्यात नसतं.

प्रश्न: दुसऱ्या फर्मचं ‘एकूण पॅकेज’ बरंच मोठं आहे. तिकडे जाऊ का?

उत्तर: अमेरिकेतल्या बहुतेक बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा मूळ पगार २०२३च्या अखेरीस २,२५,००० डॉलर झाला. एकीनं वाढवला की बाकीच्या मागोमाग येतात. त्यामुळे आकडा फुगलेला दिसला की आत बोनस मिसळलाय असं समजा, आणि ‘पर्यंत’ हा शब्द शोधा. रुजू होताना मिळणारी रक्कम नोकरी लवकर सोडल्यास परत द्यावी लागते का, तेही पाहा. सहीआधी ऑफरचं पत्र नोकरीचे करार बघणाऱ्या वकिलाला दाखवा. आपण स्वतः वकील म्हणून कोणाला दाखवायचं नाही, ही आपल्या जमातीची जुनी खोड आहे.

प्रश्न: एकीकडे वर्षाला १,९०० बिलेबल तासांचं टार्गेट, दुसरीकडे २,०००. शंभर तासांनी काय फरक पडतो?

उत्तर: आता जरा सविस्तर बोलतो, कारण हा प्रश्न दर वेळी चुकीच्या टोकाने विचारला जातो. दोन आठवडे सुट्टी धरली तर २,००० म्हणजे आठवड्याला ४० तास, तेही फक्त अशिलाच्या नावावर लिहिता येणारे. चहा, ट्रेनिंग, पार्टनरच्या (फर्मच्या भागीदार-मालकाच्या) उत्तराची वाट बघणं, यातलं काहीच त्यात येत नाही. हिशेब बहुधा सहा-सहा मिनिटांचा असतो: ईमेल वाचून उत्तर दिलं, ०.१ तास, नुकसानभरपाईच्या कलमात दुरुस्त्या केल्या, १.४. अशी दिवसाची बेरीज ८.० वर न्यायला दहा-अकरा तास खुर्चीत जातात.

पण आकड्यापेक्षा मोजणी कशी होते ते महत्त्वाचं. प्रो बोनोचे, म्हणजे फी न घेता केलेल्या कामाचे, तास धरतात का, आणि कितीपर्यंत? नवख्याचे तास पार्टनर बिलातून सर्रास कापतो. ते कापलेले तास तुमच्या खात्यावर राहतात का? टार्गेट गाठलं की बोनस मिळतो, की ‘मिळू शकतो’? आणि मुळात काम देतं कोण? काही ठिकाणी वाटप करणारा माणूस नेमलेला असतो, काही ठिकाणी पार्टनरांची दारं आपणच ठोठवायची. १,९०० चं टार्गेट आणि समोर रिकामं टेबल, यापेक्षा २,००० आणि भरपूर काम परवडलं.

टाइमशीट रोजच्या रोज भरा. पहिल्या वर्षी मी महिनाअखेरीस आठवून लिहायचो. एका मंगळवारची अख्खी सकाळ आठवेना, तीन तास सोडून दिले. अंदाजाने ठोकून दिले असते तर सनदेवर आलं असतं. वरचे सगळे प्रश्न त्याच टीममधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या असोसिएटला (पगारी वकिलाला) विचारा. एचआर माहितीपत्रकच वाचून दाखवेल.

प्रश्न: दोन्हीकडे ‘हो’ कळवून ठेवलं तर?

उत्तर: नाही. मुदत वाढवून मागा, आजच.

प्रश्न: सीनियर म्हणतात, मिळेल त्या विभागात शिर, वर्षभरात कंपन्यांच्या विलीनीकरणाचं काम बघणाऱ्या टीममध्ये बदली करून घेता येते. खरं का?

उत्तर: त्यांची स्वतःची झाली का, ते आधी विचारा. ज्या पार्टनरकडे जायचंय त्यालाच गाठा, आणि जे ठरेल ते ईमेलवर घ्या.

प्रश्न: इतकी मोठी फर्म बुडू शकते का?

उत्तर: शकते. ड्यूई अँड लबफ २००७मध्ये दोन जुन्या फर्म एकत्र येऊन झाली आणि मे २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली. कर्ज डोक्यावर होतं, पार्टनरांना मोठ्या कमाईची हमी दिलेली होती आणि तेवढं उत्पन्न येईना. एकेक पार्टनर आपापले अशील घेऊन बाहेर पडले. तुम्हाला फर्मचे हिशेब कोणी दाखवणार नाही, पण तुमच्या विभागातले किती पार्टनर वर्षभरात गेले हे मोजता येतं. गेलेल्यांपैकी एकाला फोन करा. सोडून गेलेला माणूस थोडं कडू बोलणारच, तेवढं वजा करून ऐका.