कोपरे झिजलेले चालतील, कडा कापलेल्या नकोत

प्रश्न : टी-२०६ या जुन्या बेसबॉल कार्डांच्या मालिकेतलं एक कार्ड घ्यायचं म्हणतो आहे. कोपरे टोकदार आहेत, पण रुंदी किंचित कमी भरते. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा कापल्या असतील का?

उत्तर : शंका रास्त आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ दरम्यान निघालेली ही कार्डं साधारण ३६.५ × ६६.७ मिमी असतात. मात्र कारखान्यातली कापणीही तंतोतंत नव्हती, त्यामुळे नुसत्या मापावर निकाल देऊ नका. आधी पाठ बघा. तिथे 'अमेरिकन ब्यूटी' या सिगारेटची जाहिरात असेल तर कार्ड मुळातच अरुंद असतं.

मग दहापट भिंगाखाली चारही कडा एकमेकींशी ताडून पाहा. शंभर वर्षं हाताळलेली कड मळकट, तंतू दबलेली असते; अलीकडे पात्याने कापलेली कड पांढुरकी आणि धारदार दिसते. तीन बाजू गोलावलेल्या आणि चौथी कोरी, किंवा पृष्ठभागावर घड्या असताना कोपरे मात्र सुईसारखे, असं दिसलं तर कार्ड परत करा. खात्रीचं एखादं स्वस्त, झिजलेलं कार्ड तुलनेसाठी जवळ असावंच. तज्ज्ञही फसतात: बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या टी-२०६ कार्डाला १९९१ मध्ये पीएसएने, म्हणजे कार्डांना १ ते १० अशी श्रेणी देणाऱ्या कंपनीने, ८ श्रेणी दिली होती. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलाव क्षेत्रातल्या एका नामवंताने २०१३ मध्ये न्यायालयात दिली.

प्रश्न : भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले म्हणजे कार्ड नकली, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. मूळ शिळाछापातही चेहऱ्यावर ठिपके असतात. बघायची ती खालची नावाची ओळ. खऱ्या कार्डावर ती अक्षरं सलग तपकिरी शाईची असतात. आजच्या पुनर्मुद्रणात तीही बहुधा रंगीत ठिपक्यांनी बनलेली दिसतात. अंधारात अतिनील दिवा धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात नंतरच्या काळातलं उजळवणारं रसायन आहे. चमकला नाही म्हणून मात्र कार्ड अस्सल ठरत नाही.

प्रश्न : 'पोलर बेअर' पाठीच्या कार्डावर तपकिरी डाग आहेत. धुऊ का?

उत्तर : नको. 'पोलर बेअर' हा सुटा तंबाखू होता आणि कार्ड त्यातच पडलेलं असे, तेव्हा डाग त्याच्या जन्माचेच म्हणायचे. वहीचा चिकटलेला कागद सोडवायला काही संग्राहक टी-२०६ कार्ड ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवतात, मग टिपकागदांत दाबून सावकाश वाळवतात. साध्या कार्डावर हात बसल्याशिवाय हे करू नका. ब्लीच वापरलं तर तो थेट फेरफार. १८८०च्या दशकातल्या 'ओल्ड जज' सिगारेटच्या कार्डांना तर पाणी दाखवूच नका. तो पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो असतो, सुटून येईल.

प्रश्न : पुढून सुंदर, पण पाठीचा कागद निघालेला. घ्यावं का?

उत्तर : श्रेणी तळाची, बहुधा १, मिळेल, किंमतही तशीच द्या. पाठ 'पीडमाँट' किंवा 'स्वीट कॅपोरल'सारखी सर्रास असेल तर आम्ही आनंदाने घेऊ. 'ड्रम' किंवा 'उझिट' असेल तर निम्मं मोल पाठीतच असतं, तिथे हात आखडता घ्या. १९११ च्या टी-२०५ या दुसऱ्या मालिकेत सोनेरी काठाचे टवके उडालेले असणारच. काठ निर्दोष दिसला, तर रंग भरलाय का ते भिंगाने तपासा.