वाचकांचे प्रश्न : न दिसलेल्या ग्रहाचं नोबेल

प्रश्न : मिशेल मायोर यांनी १९९५ मध्ये दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला, नोबेल मिळालं २०१९ मध्ये. ग्रह दिसलाच नव्हता, तर सापडला कसा? आणि तो तारा आमच्या गच्चीवरून दिसेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ग्रहाच्या ओढीने तारा स्वतःही किंचित हलतो. आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या (रंगांत फोडलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या. मायोर यांच्या ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा हा वेग सेकंदाला जेमतेम ५५ मीटर. म्हणजे ५५०० अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) रेषा सरकते एका अँगस्ट्रॉमच्या हजाराव्या भागाएवढी! एका रेषेवरून हे कळणं अशक्य, म्हणून हजारो रेषा एकदम ताडून बघाव्या लागतात. उपकरण थोडं तापलं तरी रेषा सरकतात, म्हणून ताऱ्याच्या प्रकाशाशेजारीच थोरियमच्या दिव्याचा वर्णपट घेतात. ताऱ्यावरचे डागही असाच चकवा देतात.

मायोर यांची कारकीर्द म्हणजे हीच मोजणी अधिकाधिक बारीक करत नेणं. १९७७ चं कोराव्हेल हे उपकरण, मग फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतलं एलोडी. एलोडीवर त्यांचे विद्यार्थी दिदिए केलो यांना ताऱ्याच्या हलण्यात ४.२३ दिवसांची लय सापडली, म्हणजे ग्रहाची एक फेरी तेवढ्याच दिवसांची. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ? विश्वास बसेना. तारा सूर्याआड गेला होता. तो जुलै १९९५ मध्ये पुन्हा दिसू लागला आणि आधी मांडलेलं गणित तंतोतंत जुळलं, तेव्हाच त्यांनी शोध जाहीर केला. हा संयम आम्हाला शोधाइतकाच मोठा वाटतो. २००३ मध्ये चिलीत बसवलेलं हार्प्स हे उपकरण तर निर्वात टाकीत असतं आणि सेकंदाला एक मीटरपर्यंतचा फरक पकडतं.

बाल्झान (२०००), शॉ (२००५), क्योटो (२०१५), वुल्फ (२०१७) हे सन्मान नोबेलच्या आधीचे. नोबेलचा अर्धा वाटा जेम्स पीबल्स यांना, उरलेला मायोर आणि केलो यांना मिळून. हा ‘पहिला परग्रह’ असं सर्रास छापलं जातं, ते चूक आहे. पल्सारभोवतीचे (वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याभोवतीचे) ग्रह १९९२ मध्येच सापडले होते. हा सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला.

ग्रह दिसणार नाही, तारा मात्र नक्की दिसेल. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा फिका) ५.५, म्हणून १०×५० ची द्विनेत्री घ्या. दिवाळीच्या सुमारास रात्री साडेनऊला तो मराठवाड्यात जवळजवळ डोक्यावर असतो. मान वर करून बघितलं की हात थरथरतात, त्यापेक्षा सतरंजीवर पाय उत्तरेला करून आडवे व्हा. भाद्रपदांच्या चौकोनातले पश्चिमेकडचे, म्हणजे पूर्वाभाद्रपदाचे, दोन तारे शोधा आणि द्विनेत्री त्यांच्या मध्यावर धरा. मध्यापासून दीडेक अंश डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, चौकोनाच्या जरासा बाहेर तो फिकट ठिपका आहे. फटाक्यांचा धूर असेल तर मात्र चार दिवस थांबा.