आमचं आयटी डिपार्टमेंट ऐकतच नाही!

हिंजवडी, खराडी, चाकण, कंपनी कुठलीही असो, हे गाऱ्हाणं मला आता पाठ झालंय. "मॅडम, जग कुठल्या कुठे गेलं आणि आमचं आयटी जुन्याच व्हर्जनवर बसलंय. नवं काही सुचवलं की नाहीच." मग चिडचिड घरी जाते, झोप उडते आणि माणूस समुपदेशनासाठी माझ्यासमोर येतो. त्यातल्या एकीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

ती चाकणच्या कारखान्यात प्लॅनिंग बघते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी शॉप फ्लोअरवरचे पीसी तसेच. तिने मेल केले, प्रेझेंटेशन दिलं. आयटीच्या साहेबांचं उत्तर एकच: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

"त्यांना कळायलाच हवं, मॅडम. कामच आहे त्यांचं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मी वेडी होईन."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, हे रोज बघते. पण हट्ट सैल करायला उपदेश कामाचा नाही, प्रश्न लागतो.

"नवं सॉफ्टवेअर नीट चाललं, तर कौतुक कोणाचं?"

"माझ्या टीमचं."

"बिघडलं, तर रात्री दोनला फोन कोणाला?"

ती गळ्यातल्या आयकार्डची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसली. मी काही बोलले नाही. (या शांततेत बोलायचं नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.) मग आपणहून म्हणाली, "१९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट फसलं, पीसी निळ्या स्क्रीनवर अडकले. साहेब एकेका पीसीजवळ खुर्ची ओढून सेफ मोडमध्ये त्या अपडेटची बिघडलेली फाइल काढत होते. कागदावर बघून बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी की टाइप करायची, एक आकडा चुकला की पुन्हा. आम्ही मात्र कँटीनमध्ये हसत होतो."

इथे गाठ सुटली. तिला जो आडमुठेपणा वाटत होता, तो त्या दिवसाचा धसका होता.

धसका खरा म्हणून निर्णय बरोबर, असं मात्र नाही. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने मे २०१७ मध्ये जगभर संगणक अडवले, तेव्हा विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती. हात न लावणं हीसुद्धा जोखीमच. पण हे पहिल्या वाक्यात सांगितलंत, तर समोरचा कान बंद करतो. आधी विचारा, "सर, यात तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि उत्तर लिहून घ्या. मग एक-दोन पीसींवर करून बघायचं म्हणा. महिनाअखेर आणि डिस्पॅचचे दिवस टाळा, जुन्यावर परत कसं यायचं ते आधीच ठरवा. सगळ्यात महत्त्वाचं, "त्या दिवशी मीही थांबते, आणि निर्णय माझाही आहे हे मेलवर देते" असं म्हणा. जबाबदारी वाटून घेतलेली दिसली की माणूस बोलायला लागतो.

तिने तसं केलं. साहेबांनी एका शनिवारी दोन पीसी बदलू दिले. लेबल छापणारा पीसी मात्र जुनाच आहे, कारण त्या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही. तो नेटवर्कपासून तोडून ठेवायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं.