स्वतःचीच गाणी करणाऱ्या छोट्या बँडने खरं राहून उमेद कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला तुमचा चौघांचा बँड आहे, ३ वर्षं झाली, ५ गाणी स्वतःची, त्यातलं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं कसंबसं ६०० वेळा ऐकलं गेलंय आणि आता बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, म्हणतोय की बॉलिवूड कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) वाजवू नाहीतर मी चाललो. वाचून पोटात कालवलं, कारण अगदी हेच आमच्याकडे २०१९ मध्ये झालं होतं आणि आमचा बेसिस्ट खरंच गेला.

आम्ही पुण्याचे, म्हणजे खरं तर भोसरीचे. मराठीत गातो, ९ वर्षं झाली. तिघांच्या नोकऱ्या आहेत आणि ड्रमर वडिलांचं फॅब्रिकेशनचं शेड सांभाळतो. एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी, मशिनं बंद, म्हणून आमची प्रॅक्टिस गुरुवारी संध्याकाळी ७ ते १० त्याच शेडमध्ये. जॅमरूमचं तासाचं भाडं वाचतं हे एक झालंच, पण त्या जागेने आमच्या गाण्यांचं काय केलं ते सांगतो. कोपऱ्यात पोलादाचे पत्रे रचलेले असतात, बेसवर खालचा जी हा स्वर वाजला की ते पत्रे झणझणतात, आणि फक्त जीलाच, एफला नाही, एला नाही. आम्ही बारदान घातलं, मध्ये लाकडाचे ठोकळे घातले, काही उपयोग नाही. शेवटी वैतागून एक गाणं जीवरून उचलून एवर नेलं आणि आमच्या गायिकेचा आवाज त्या वरच्या जागेवर असा काही मोकळा झाला की आम्ही वाजवायचं थांबून तिच्याकडे बघत बसलो. वर्षभर ते गाणं आम्ही चुकीच्या पट्टीत वाजवत होतो. आज कुठेही गेलो की लोक तेच गाणं मागतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही असं धरून चाललाय की कव्हर वाजवलं की आपण खोटे झालो. मला तसं वाटत नाही. दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड घ्या, २०१६ च्या सुमारास सुरू झाले तेव्हा पॉप गाणी मेटलमध्ये वाजवून यूट्यूबवर टाकायचे, म्हणजे कव्हरच की, आणि त्यांचा गिटारिस्ट करण कटियार वकिली सोडून यात आला होता. पुढे ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी घेऊन स्वतःची गाणी केली, २०१९ मध्ये जर्मनीत वाकेन या मोठ्या मेटल महोत्सवाच्या स्टेजवर वाजवलं आणि २०२२ मध्ये पहिला ओरिजिनल अल्बम कुठल्या कंपनीशिवाय स्वतःच काढला. कव्हर्सनी त्यांचं काही बिघडलं नाही. आम्हीही वाजवतो, पण आमचा नियम असा की तासाच्या सेटमध्ये दोनच, आणि ते आपल्या पद्धतीने लावलेले. एका पबवाल्याने सगळाच सेट हिंदी हिट गाण्यांचा हवा असं सांगितलं तेव्हा आम्ही नाही म्हणालो, पैसे बरे होते तरी. पण त्याच महिन्यात ड्रमरच्या मामेबहिणीच्या हळदीला तीन तास हिंदी-मराठी गाणी वाजवली आणि ते पैसे बँडच्या खात्यात टाकले, त्यात मला जराही अपराधी वाटलं नाही. हळदीला आम्ही वाजंत्री म्हणून गेलो होतो, बँडचं नाव लावून नाही.

खोटेपणा आमच्यात शिरला तो वेगळ्याच वाटेने. २०२१ मध्ये, लॉकडाऊन उठल्यावर, कोणीतरी सल्ला दिला की हिंदीत एक करा, १५ सेकंदाचा हुक, म्हणजे पटकन डोक्यात बसणारा तुकडा, ठेवा, रील चालेल. केलं. चाललं पण, ४० हजार व्ह्यूज आले, आमच्यासाठी ते केवढं होतं काय सांगू. पुढच्या गिगला १९ माणसं होती आणि त्यातलं एकही त्या रीलमुळे आलेलं नव्हतं, आम्ही प्रत्येकाला विचारलं. पण खरं दुखलं ते पुढेच. परत येताना टेम्पोत मागे सामानावर बसलो होतो तेव्हा गायिका म्हणाली, मला हे गाणं पहिल्या दिवसापासून आवडत नाहीये. मग गिटारिस्ट म्हणाला मलाही नाही. मग ड्रमर. मग मी. चौघांनाही आवडत नव्हतं आणि बाकीच्या तिघांना आवडतंय असं समजून चौघेही गप्प बसलो होतो, चार महिने! मला वाटतं बँड खोटा पडायला सुरुवात होते ती इथे, आपल्याच प्रॅक्टिसच्या खोलीत, पबवाल्याची किंवा कंपनीची पाळी फार नंतर येते.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. नवीन गाणं रेकॉर्डला जाण्याआधी वाद्यं खाली ठेवायची, चहा घ्यायचा आणि प्रत्येकाने गाण्यातली अशी एक जागा सांगायची की जिथे त्याला स्वतःला बनाव वाटतो. "सगळं मस्त आहे" हे उत्तर चालत नाही. कधी कधी वाईट भांडणं होतात, एकदा गिटारिस्ट केबल गुंडाळून निघून गेला होता आणि रविवारी फोन करून म्हणाला की दुसरं कडवं मी उसनंच आणलं होतं, तू म्हणालास ते बरोबर होतं. पण ही भांडणं करून गाणी आमची राहिलीत.

बेसिस्ट गेला त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण त्याने आम्हाला सहा महिने सांगितलं होतं, तोंडाने नाही, उशिरा येऊन, फोन बघत वाजवून, आणि आम्ही एकदाही विचारलं नाही की तुला काय वाजवायचंय रे.

एक इचलकरंजीची गोष्ट सांगतो, लांबली तर लांबू दे. आमच्या गायिकेचं आजोळ तिथलं, आजोबांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवला, म्हणून तिने मागावर एक गाणं लिहिलं होतं आणि ड्रमरने त्यात मागाचा खटका घेतला होता, स्नेअर ड्रमवर सरळ, खटाक खटाक खटाक. मग तिथल्याच एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला, ३०-३५ माणसं असतील. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरायला आलेले एक काका आमच्याजवळ आले, पन्नाशीचे, ते स्वतः मागावर होते. म्हणाले, "गाणं झ्याक हाय, पण माग असा वाजत न्हाई ओ. धोटा जाताना आणि येताना एकच आवाज नसतोय." (धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा भाग.) आणि प्लास्टिकच्या टेबलावर दोन्ही हातांच्या बोटांनी वाजवून दाखवलं. उजव्या हातात अंगठी होती, डाव्यात नाही, त्यामुळे टक आणि ठप असे दोन वेगळे आवाज आले आणि ठप जरासा मागे पडत होता, अगदी केसभर. आमचा ड्रमर तिथेच खाली बसला आणि त्यांच्याकडून अर्धा तास ते शिकला. आता तो एक ठोका स्नेअरच्या काठावर घेतो आणि दुसरा फ्लोअर टॉम या खालच्या मोठ्या ड्रमवर, किंचित उशिरा. ते गाणं आत्ता कुठे चालायला लागलं, म्हणजे पायाने चालायला लागलं.

त्या रात्री पुण्याला येताना आम्ही चौघंही जागे होतो. त्या कार्यक्रमाचे पैसे डिझेल आणि जेवणात गेले. पण एका माणसाने आपलं गाणं इतकं नीट ऐकलं की त्याला त्यात काय कमी आहे ते कळलं, याच्यावर माझी पुढची दोन वर्षं निघाली.

म्हणून ६०० या आकड्यावरून हिंमत सोडू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसेच मोजले जात नाहीत. म्हणजे आपल्यासारख्यांची कितीतरी गाणी त्यांच्या हिशेबात शून्य आहेत, तर आपली उमेद त्यांच्या हिशेबाला कशाला बांधायची. आम्ही एक वही ठेवलीय, साधी, दोनशे पानी. तिच्यात फक्त परत आलेल्या माणसांची नोंद असते, म्हणजे जो आपल्याला दुसऱ्यांदा ऐकायला आला तो. पहिल्या वर्षी ७ नावं होती, त्यातले ३ नातेवाईक. आत्ता २१२ आहेत. हा आकडा कोणाला दाखवायला उपयोगाचा नाही, पण वही उघडली की मला ते चेहरे दिसतात.

आणि वेळ लागतो हो, फार लागतो. इंडियन ओशन हा बँड १९९० मध्ये दिल्लीत सुरू झाला, पहिला अल्बम १९९३ ला आला, दुसरा १९९७ ला आणि तोही लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, आणि ज्याच्यामुळे ते घराघरात पोचले तो 'कंदिसा' २००० ला. दहा वर्षं! २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा तबलजी आणि गायक अशीम चक्रवर्ती वारला, आणि त्यानंतर २०१० मध्ये त्याच्या आवाजातली गाणी असलेला अल्बम त्यांनी महिन्याला एक गाणं असं करत इंटरनेटवर लोकांना फुकट दिला. अल्बमला नाव दिलं ते करोलबागच्या ज्या जुन्या बंगल्यात ते प्रॅक्टिस करायचे त्याच्या पत्त्याचं, १६/३३० खजूर रोड. मला हे फार भिडतं, कारण माझ्या डोक्यात लगेच आमचं शेड येतं.

कोलकात्याचे मोहीनेर घोडागुली तर सत्तरच्या दशकात तीन रेकॉर्ड काढून ऐंशीच्या सुरुवातीला विखुरले, तेव्हा त्यांना फारसं कोणी विचारलं नाही, आणि नव्वदच्या दशकात कॉलेजच्या पोरांनी तीच गाणी उचलली आणि आज बंगालीत बँड म्हटलं की पहिलं नाव त्यांचं येतं. आता हे वाचून असं समजू नका की थांबलं की मिळतंच. न मिळालेले बँड कितीतरी असतील, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. मी हे एवढ्यासाठी सांगतोय की ३ वर्षं म्हणजे अजून काहीच झालेलं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात पण नक्की सांगतो, कारण बँड फुटतात ते बहुतेक इथे. आलेल्या पैशाचे पाच हिस्से करा, चार तुमचे आणि पाचवा बँडचा. तारा, काठ्या, टेम्पो, रेकॉर्डिंग सगळं त्या पाचव्यातून. आणि गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची हे ज्या दिवशी गाणं तयार होईल त्याच दिवशी लिहून चौघांनी सह्या करा, प्रेमात असतानाच करा. आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर व्हा. आम्हाला एका कंपनीने करार दिला होता, ११ पानी, तो आम्ही एका वकील मैत्रिणीला दाखवला म्हणून वाचलो, त्यात सगळे हक्क कायमचे त्यांचे होते. तिने समजावलं की आपल्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही. पण त्यांनी 'कायमचे' असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणजे ५ वर्षांचा आधारही गेला. आम्ही सही केली नाही. त्या रात्री रडू आलं होतं मला, कारण दुसरी कुठलीच ऑफर नव्हती. पण ती गाणी आज आमची आहेत.

आता तुमच्या बेसिस्टचं. त्याला कव्हर्स हवीत म्हणजे नक्की काय हवंय ते विचारा. पैसे हवेत का, घरून बोलणी बसतायत का, की समोर माणसं नाचताना बघायचीत? तिन्हीला वेगळी उत्तरं आहेत. पैसे हवेत तर वेगळ्या नावाने लग्नं-हळदी वाजवा, लाजू नका. माणसं हवीत तर सेटमध्ये दोन कव्हर्स घ्या आणि ती त्यालाच निवडू द्या. आणि तुमच्या पाचपैकी कुठलं गाणं त्याला मनापासून आवडतं आणि कुठलं अजिबात नाही हेही विचारा, आणि तो जे म्हणेल ते मध्ये न तोडता ऐका. पुढच्या प्रॅक्टिसच्या आधी करा हे, फोनवर नाही, समोर बसून. आम्ही तेवढं केलं असतं तर आमचा बेसिस्ट कदाचित आजही त्या पत्र्यांशेजारी उभा असता.