बाळाचं वजन किती भरलं?

"ऑपरेशन लवकरात लवकर कधी होईल, मॅडम?" बाबांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. बाळ चार दिवसांचं होतं. बाह्य जननेंद्रियावरून मुलगा की मुलगी हे डॉक्टरांना लगेच सांगता आलं नव्हतं. आई गप्प होती. जन्मापासून तिने बाळाचा लंगोट कुणालाच बदलू दिला नव्हता, स्वतःच्या आईलाही नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र बहुतेक पालकांचा हाच असतो.)

मी विचारलं, "दूध नीट पितंय का? आज वजन किती भरलं?"

दोघं गोंधळले. पण त्या आठवड्यात खरी घाई तिथेच होती. अशा बाळांमध्ये वारंवार आढळणारं कारण म्हणजे जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजेच सीएएच. यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारं संप्रेरक), आणि पुष्कळदा शरीरात मीठ टिकवून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही, पुरेसं बनवता येत नाही; त्याऐवजी पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. त्यामुळे एक्सएक्स, म्हणजे सहसा मुलींमध्ये असणारी, गुणसूत्रं असलेल्या बाळाचं जननेंद्रिय गर्भातच वेगळं घडतं. त्या वेगळेपणाने जीव जात नाही. जातो तो मीठ कमी पडून. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं, बाळ ओकतं, वजन घटतं, मलूल होतं, आणि वेळेत कळलं नाही तर दगावतं.

रक्ततपासणीत सीएएचच निघालं. कमी पडणाऱ्या संप्रेरकांची जागा घेणारी हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधं, आणि मापून मीठ, त्याच दिवशी सुरू झालं. गुणसूत्रं एक्सएक्स होती, सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं. मुलगी म्हणून वाढवायचं ठरलं.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "माझंच काही चुकलं का?" नाही. दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं, दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता राहील, हेही मी तेव्हाच सांगितलं.

बाबा पुन्हा ऑपरेशनवर आले. लघवीला अडथळा असता तर गोष्ट वेगळी होती. तिला तो नव्हता. ते मागत होते ते दिसण्यासाठीचं ऑपरेशन. त्यात नसा दुखावून संवेदना कमी होऊ शकते, व्रण राहतात, मोठेपणी पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं, आणि काढलेलं परत येत नाही. अशा बाळांच्या उपचारांबद्दल तज्ज्ञांनी मिळून काढलेल्या २००६ च्या शिकागो सहमतीपत्रानेही दिसण्यापेक्षा अवयवाच्या कार्याला महत्त्व दिलं. माल्टाने तर २०१५ मध्ये, मूल स्वतः संमती देईपर्यंत थांबवता येतील अशा उपचारांवर कायद्याने बंदी घातली. सगळे शल्यविशारद याबाबत एका मताचे नाहीत, हेही मी लपवलं नाही. पण मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं: थांबा. हा निर्णय तिला घेता येईल अशा वयापर्यंत तो तिच्यासाठी राखून ठेवा.

"आणि लोकांना काय सांगायचं?" जवळच्यांना एवढंच पुरे: बाळाच्या ग्रंथींना औषध लागतं, ते रोज द्यावं लागतं. पण जो कुणी बाळाला सांभाळेल, त्याला औषधाची वेळ आणि लंगोटाखालचं शरीर दोन्ही ठाऊक हवं. लपवाछपवी मुलांना फार लवकर कळते, आणि त्यातून ती स्वतःचीच लाज शिकतात. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

मागच्या भेटीत बाळ आजीच्या मांडीवर होतं आणि लंगोट आजीच बदलत होती. आईच्या वहीत प्रश्न वेगळे होते: ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट की तिप्पट? औषध ओकून टाकलं तर इंजेक्शन घरीच द्यायचं का? बाबा सुई भरायला शिकत होते.